प्रकाशाची छिन्नी

भिलाई हे नाव उच्चारले की मनात प्रथम येते ती तेथील प्रचंडता. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि अवघ्या चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नागपूर ही ज्या काळी राजधानी होती, त्या जुन्या मध्यप्रांताच्या दुर्ग जिल्ह्यातला हा मुलूख. त्यामुळे विदर्भातील मराठी माणसाला तो कधीच परका वाटला नाही. भिलाईच्या रुळांवरून आपण सारे प्रवास करीत आलो आहोत. १९८३ मध्ये तेथे जाड पोलादी प्लेटा लाटण्याची गिरणी सुरू झाली. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजासाठी जे सुमारे ३०,००० टन खास पोलाद लागले, ते पुरविणाऱ्या कारखान्यांत बोकारो आणि राउरकेला यांच्याबरोबर भिलाईही होता. भिलाईची भाषा ही अशी हजारो टनांची भाषा आहे.

या कारखान्याच्या शेजारी, ग्रेट ईस्टर्न रस्त्याला लागून, सुपेला नावाची गजबजलेली वस्ती आणि बाजारपेठ आहे. समजा, त्या सुपेल्यात राहणाऱ्या एका तरुणाने आपल्या घरामागील छपरात स्वतःच्या हाताने एक छोटी मोटार बांधावयास घेतली आहे. जुन्या गाडीचे इंजिन त्याने मिळविले आहे, नळ्या वाकवून आणि जोडून सांगाडा उभा केला आहे. आता ते इंजिन त्या सांगाड्यावर बसविण्यासाठी त्याला पोलादी पत्र्याचा, काटकोनात वाकविलेला, चार भोकांचा एक तुकडा हवा आहे. कारागीर मंडळी ज्याला ब्रॅकेट म्हणतात तो हा तुकडा. त्याचे वजन १०० ग्रॅमही भरत नाही. तो बाजारात तयार मिळत नाही, कारण अशी मोटार जगात दुसरी नाहीच. लाखो टन पोलाद ओतणाऱ्या भट्ट्यांचा उजेड रात्री ज्याच्या अंगणातून दिसतो, त्याला १०० ग्रॅम पोलादासाठी खोळंबून राहावे लागते! ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही आपली म्हण अशाच प्रसंगी आठवते.

ही कोरड का पडते, आणि अलीकडच्या काळात लेसर नावाच्या प्रकाशकिरणाने ती कशी भागविली, हे आज आपणास पाहावयाचे आहे. त्याबरोबरच या नव्या साधनाने कोणती जबाबदारी कारागिराच्या शिरावर आणून ठेवली, याचाही विचार करावयाचा आहे; कारण मोटारीचा प्रत्येक सुटा भाग हा अखेर कोणाच्या तरी जिवाला जामीन असतो.

कारखान्यात पत्र्याचे भाग तयार होतात ते ठशावर. हव्या त्या आकाराचा कठीण पोलादी ठसा बनवावयाचा, तो दाबयंत्रात बसवावयाचा, आणि पत्रा खाली सरकवीत एकसारखे तुकडे पाडीत जावयाचे. ठसा घडविण्यास वेळ आणि पैसा फार लागतो. परंतु त्यावर लाखभर तुकडे निघाले तर तो खर्च लाख ठिकाणी विभागला जातो आणि एकेक तुकडा काही पैशांत पडतो. ज्याला एकच तुकडा पाहिजे त्याच्या डोक्यावर मात्र संपूर्ण ठशाचा खर्च येऊन बसतो. म्हणजे कारखान्याचा नेमकेपणा हा संख्येला बांधलेला होता. ज्याच्याजवळ संख्या नाही त्याने छिन्नी, करवत आणि कानस घेऊन बसावे, हाच आजवरचा मार्ग होता.

त्या मार्गाने जाणारी माणसे आपल्याकडे झाली नाहीत असे नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये एका छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला. पुढे ‘मीरा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या मोटारीचे एकामागून एक सुधारलेले नमुने त्यांनी १९७० नंतरच्या वर्षांपर्यंत बांधले. पोलादी स्प्रिंगांच्या ऐवजी त्यांनी रबराची योजना केली होती, आणि सामान्य कुटुंबाला सुमारे १२,००० रुपयांत ही गाडी मिळावी अशी त्यांची आकांक्षा होती. ती मोटार बाजारात कधीच आली नाही. तथापि एका मराठी माणसाने जवळजवळ पाव शतक एका कल्पनेचा पाठपुरावा करावा, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. त्याच गावातील दत्तात्रय लोहार यांनी टाकाऊ सामानातून एक चिमुकली जीप बांधली. मोटारसायकल पायाने सुरू करावी तशी ती पायाने किक मारून सुरू होई. सुमारे ६०,००० रुपये खर्चून बांधलेल्या या जीपची वार्ता डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गेली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो गाडी देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. लोहार हे आडनाव येथे केवळ योगायोगाचे नाही. ऐरणीवरचे पिढीजात कौशल्य हाच अशा निर्मितीचा खरा पाया असतो.

परंतु हाताच्या कामाला एक मर्यादा असते. गॅसच्या ज्योतीने कापलेली कड खडबडीत निघते आणि उष्णतेने पातळ पत्रा वेडावाकडा होतो. ड्रिलचे टोक खुणेवरून किंचित सरकले की भोक एक-दोन मिलिमीटर बाजूला पडते. इंजिनाच्या चार बोल्टांपैकी तीन बसतात आणि चौथा बसत नाही. मग ते भोक कानशीने लांबवावयाचे, आणि लांबविलेल्या भोकात बोल्ट सैल राहावयाचा. घरी बांधलेल्या अनेक यंत्रांची खडखड अशा एका भोकापासून सुरू होते. एकच तुकडा हवा असणाऱ्याला कारखान्याचा नेमकेपणा मिळावा कसा, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर प्रकाशाने दिले.

या उत्तराचा इतिहास मोठा मनोवेधक आहे. उत्तेजित झालेल्या अणूला योग्य प्रकाशाचा स्पर्श झाला तर तो आपल्या जवळची ऊर्जा अगदी तशाच प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकील, हे आईन्स्टाईन यांनी १९१७ सालीच गणिताने दाखविले होते. प्रत्यक्षात तसा प्रकाश निर्माण झाला तो १६ मे १९६० रोजी, अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये, थिओडोर मेमन यांच्या माणकाच्या कांडीतून. साध्या दिव्याचा प्रकाश म्हणजे जत्रेतील गर्दी; जो तो आपल्या वाटेने जाणारा. लेसरचा प्रकाश म्हणजे पावलाशी पाऊल मिळवून चाललेली पलटण. म्हणूनच तो दूरवर पसरत नाही आणि भिंगाने एका सूक्ष्म बिंदूवर एकवटता येतो.

मेमन यांचा किरण क्षणभर चमकून विझणारा होता. सतत आणि जोरकस वाहणारा किरण मिळविण्याचे श्रेय ज्या शास्त्रज्ञाकडे जाते, त्याचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीस झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली, आणि बेल प्रयोगशाळेत काम करीत असताना १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर शोधून काढला. आपण श्वासावाटे जो वायू बाहेर टाकतो, त्याच वायूतून विद्युत्प्रवाह खेळवून हा किरण उत्पन्न होतो. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे तो डोळ्यांना दिसत नाही, केवळ त्याचे कार्य दिसते. पुढे तीन वर्षांनी, १९६७ साली, इंग्लंडातील वेल्डिंगविषयक संशोधन करणाऱ्या संस्थेत पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी या किरणाच्या जोडीला प्राणवायूचा झोत सोडून पोलादाचा पातळ पत्रा कापून दाखविला. तेव्हापासून प्रकाश हे लोहाराचे हत्यार बनले. आपल्या देशातही या विद्येची उपेक्षा झाली नाही. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र हे लेसरच्या संशोधनाचे मोठे पीठ आहे.

आता हा किरण लोखंड कापतो तो कसा? घरी स्नानाचे पाणी तापविणारा विजेचा गीझर २ ते ३ किलोवॅट शक्तीचा असतो. तेवढ्याच शक्तीचा प्रकाश भिंगातून नेऊन मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतक्या बिंदूवर आणला, तर त्या बिंदूवरील पोलाद क्षणार्धात वितळते. बादलीभर पाण्याला सावकाश ऊब देणारी ऊर्जा आणि पोलादाला पाझर फोडणारी ऊर्जा एकच; फरक फक्त एकाग्रतेचा. उन्हात भिंग धरून कागद जाळण्याचा खेळ आपण लहानपणी खेळलो, त्याचेच हे प्रौढ रूप.

केवळ वितळवून मात्र भागत नाही. वितळलेला रस तेथून घालविला पाहिजे. त्यासाठी किरणाच्या भोवतीच्या नळीतून वायूचा झोत सोडतात. साध्या पोलादासाठी हा वायू बहुधा प्राणवायू असतो. तापलेले लोखंड प्राणवायूत स्वतःच जळू लागते आणि त्या जळण्याची उष्णता किरणाच्या मदतीस येते. अशा रीतीने जाड प्लेटही कमी शक्तीत कापता येते. मात्र कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा काळसर पापुद्रा राहतो. तो घासून काढल्याशिवाय रंग दिला, तर रंग काही दिवसांनी पापुद्र्यासकट गळून पडतो. स्टेनलेस पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यासाठी नायट्रोजनचा जोराचा झोत वापरतात. नायट्रोजन जळण्यास साहाय्य करीत नाही. तो फक्त रस उडवून लावतो. म्हणून कड स्वच्छ आणि चकचकीत निघते, परंतु वायूचा खर्च वाढतो.

अलीकडे कार्बन डायऑक्साइडच्या नळीची जागा बव्हंशी काचतंतूच्या लेसरने घेतली आहे. इटर्बियम नावाचे मूलद्रव्य मिसळलेल्या केसासारख्या काचेच्या धाग्यात हा किरण जन्म घेतो. त्याची तरंगलांबी पहिल्याच्या सुमारे एकदशांश असल्याने धातू तो अधिक चांगला शोषून घेतात. पूर्वी किरण परतवून लावणारे पितळ आणि ॲल्युमिनियमही आता कापले जाते. यंत्र आटोपशीर झाले, विजेची बचत झाली, आणि जे यंत्र एके काळी विमानांच्या कारखान्यातच पाहावयास मिळे, ते औद्योगिक वसाहतीतील साध्या गाळ्यात येऊन बसले. पुण्याचे भोसरी असो, कोल्हापूरचे शिरोली असो, की भिलाईची औद्योगिक वसाहत असो. जेथे पत्र्याचे काम चालते तेथे हा प्रकाश पोहोचला आहे.

आता आपण सुपेल्याच्या त्या तरुणाकडे वळू आणि त्याचा तो एकुलता एक तुकडा कसा जन्म घेतो ते पाहू.

पहिले काम पुठ्ठ्याचे. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कात्रीने कापून, इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये धरून पाहावा. पाना फिरण्यास जागा राहते की नाही, बोल्ट घालता येतो की नाही, शेजारून जाणारी इंधनाची नळी अडते की काय, हे सारे दोन रुपयांच्या पुठ्ठ्यावर समजते. पोलादावर हाच धडा फार महाग पडतो.

दुसरे काम नकाशाचे. लेसरचे यंत्र बोललेले ऐकत नाही. त्याला रेषा लागते. संगणकावर काढलेली ती रेषा खऱ्या मापाची असावी लागते, आणि प्रत्येक आकृती बंद असावी लागते. माप मिलिमीटरमध्ये आहे की इंचामध्ये, हे स्पष्ट लिहावे. कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि या गैरसमजाने तुकडा पंचवीसपट मोठा किंवा लहान ठरू शकतो. किरण स्वतः थोडी धातू खातो. कापाची रुंदी साधारण मिलिमीटरच्या एक ते चार दशांश असते. यंत्र ही वजावट स्वतः करते. आपण नकाशात पुन्हा केली तर ती दोनदा होते.

तिसरे काम वाकविण्याच्या हिशोबाचे, आणि येथेच अनेकांची फसगत होते. आपल्या तरुणाला ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा, बाहेरून मोजता दोन्ही बाजू ४० मिलिमीटर असलेला काटकोन हवा आहे. सरळ पट्टी किती लांबीची कापावी? ४० आणि ४० मिळून ८०, असे सहज तोंडातून निघते. पण ते उत्तर चूक आहे. वाकताना पत्रा कोपरा कापीत वळतो. बाहेरचा पदर ताणला जातो, आतला दाबला जातो, आणि मधल्या ज्या पदराची लांबी बदलत नाही, त्यावरून हिशोब करावा लागतो. वळणाची आतली त्रिज्या ३ मिलिमीटर धरली, तर दोन सरळ बाजू प्रत्येकी ३४ मिलिमीटर राहतात आणि वळणाची लांबी सुमारे ६.६ मिलिमीटर येते. बेरीज ७४.६. या साडेपाच मिलिमीटरच्या फरकाने भोके जागेवर येतात किंवा येत नाहीत. वळणाच्या अगदी जवळ भोक पाडू नये, नाही तर वाकताना ते अंड्यासारखे लांबट होते. पत्र्याच्या जाडीच्या अडीच-तीनपट अंतर तरी मधे सोडावे. भोकाचा व्यासही पत्र्याच्या जाडीहून कमी नसावा, हा एक सोपा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता प्रत्यक्ष कापणे. ६० मिलिमीटर रुंद आणि ७४.६ मिलिमीटर लांब अशा पट्टीची बाहेरची कड आणि १० मिलिमीटरच्या बोल्टांसाठी साडेदहा मिलिमीटरची चार भोके, असा सारा काप मिळून सुमारे ४०० मिलिमीटर होतो. किरण मिनिटाला काही मीटर वेगाने धावत असल्याने हे काम काही सेकंदांत संपते. भोकांच्या जागा मिलिमीटरच्या एखाद्या दशांशाच्या आत अचूक येतात. चारही बोल्ट हाताने फिरवीत आत जातात. मोबदला आकारला जातो तो पत्रा, त्याची जाडी, कापाची लांबी आणि किती ठिकाणी किरणाने पत्र्याला छेद दिला त्यावर. ठशाचा खर्च नाहीच; त्यामुळे एक तुकडा मागणाऱ्याची कुचंबणा होत नाही. अर्थात, एका तुकड्यासाठी यंत्र थांबवून नवा पत्रा चढविणे गाळेवाल्यासही परवडत नाही. म्हणून शहाणा माणूस आपले दहा-बारा भाग एकाच जाडीत बसतील असे योजतो आणि ते एका पत्र्यावर दाटीवाटीने मांडून एकदमच कापून घेतो.

या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. सुतार लाकडाला जशी खाच आणि जीभ पाडून सांधा जुळवितो, तशी खाच आणि जीभ पोलादी पत्र्याला पाडता येते. भाग एकमेकांत अडकून आपापल्या जागी आपोआप उभे राहतात, आणि मग वेल्डिंगचा टाका द्यावयाचा. जेथे पूर्वी चार शिकंजे आणि दोन मदतनीस लागत, तेथे एकटा माणूस काटकोन साधू शकतो. घरी मोटार बांधणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय लहानसहान नाही.

इतका वेळ आपण या प्रकाशाचे गुण गाइले. आता त्याला काय कळत नाही, ते सांगितले पाहिजे.

छिन्नी चालविणाऱ्या हाताला लोखंड उत्तर देत असते. पत्रा पातळ असेल तर तो थरथरतो, धातू ठिसूळ असेल तर आवाज निराळा येतो, आणि जुना लोहार तेवढ्यावरून हात आखडता घेतो. प्रकाशाला असे काही जाणवत नाही. चुकीची रेषाही तो बरोबर रेषेइतक्याच सफाईने कापतो. हाताने केलेला कच्चा तुकडा पाहून मनात शंका येते, आणि आपण तो दोनदा तपासतो. लेसरने कापलेला तुकडा इतका देखणा असतो की तो भक्कमही असलाच पाहिजे, असा भ्रम सहज होतो. हाच या साधनाचा खरा धोका होय.

एक साधे उदाहरण घेऊ. आतल्या बाजूचा कोपरा काटेकोर टोकदार ठेवला, तर भार पडताच सारा ताण त्या टोकाशी एकवटतो. वारंवार हादरे बसत राहिले की तेथे केसासारखी चीर पडते आणि ती हळूहळू वाढत जाते. १९५४ साली ‘कॉमेट’ ही ब्रिटनची जेट प्रवासी विमाने आकाशात फुटली; सखोल चौकशीअंती आढळले की पत्र्यात कापलेल्या मोकळ्या जागांच्या कोपऱ्यांपाशी ताण एकवटून धातू शिणला होता. मोटारीचा ब्रॅकेट आणि विमानाचे कवच यांत अंतर पुष्कळ. परंतु धातूचा स्वभाव दोन्हीकडे एकच. म्हणून आतला प्रत्येक कोपरा गोलाईने वळवावा. संगणकावर ही गोलाई काढण्यास काही क्षण लागतात. ती काढली नाही याची आठवण मात्र एखाद्या घाटात होते.

तसेच कोणता भाग घरी करावा आणि कोणता करू नये, याचा विवेक हवा. बॅटरीची बैठक, उपकरणांची पाटी, पायाखालचा पत्रा, दिव्यांचे आधार येथे नवशिक्याने हात साफ करावा. सुकाणूचे दांडे, ब्रेकचे आधार, चाक तोलून धरणारे भाग यांची गोष्ट निराळी. तेथे पत्र्याचा दर्जा, त्याची जाडी, वेल्डिंगची खोली आणि भाराचे गणित हे सारे जाणकाराच्या नजरेखालून गेल्याशिवाय गाडीचे चाक फिरता कामा नये. बाजारातून उचललेला नाव-गाव नसलेला पत्रा अशा ठिकाणी वापरणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे होय. यंत्रापाशीही सावधगिरी हवी. न दिसणारा किरण डोळ्यांना कायमची इजा करू शकतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कापताना निघणारा धूर अपायकारक असतो. म्हणून यंत्राला बंद कपाट आणि धूर ओढून नेणारा पंखा असलाच पाहिजे.

येथे कोणी विचारील, एवढ्या कष्टाने बांधलेली ही मोटार रस्त्यावर चालवू देतात का? ब्रिटनमध्ये घरी मोटार बांधण्याची परंपरा जुनी आहे. तेथे १९५७ साली निघालेली ‘लोटस सेव्हन’ ही गाडी सुट्या भागांच्या रूपाने विकली जाई आणि लोक ती घरी जुळवीत. एकट्याने बांधलेल्या गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला परवाना देण्याची व्यवस्थाही तेथे आहे. आपल्याकडील कायदा अधिक कडक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या कलमानुसार गाडीचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था त्यांपैकीच एक. ही तपासणी कारखानदारांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. एकट्या माणसाला ती पेलणे दुरापास्त आहे. तयार गाडीत मन मानेल तसे फेरफार करण्यासही १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम मज्जाव करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. देवराष्ट्र्याच्या जीपलाही हीच अडचण होती.

म्हणून सुपेल्याच्या तरुणाने निराश व्हावे काय? मुळीच नाही. त्याच्या हौसेला वाव देणारी क्षेत्रे आहेत. इंदूरजवळच्या पीथमपूर येथे २००७ पासून ‘बाहा’ नावाची स्पर्धा सुरू झाली. तीत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या खाचखळग्यांतून पळवितात. सर्वांना इंजिन सारखेच. कसोटी लागते ती सांगाड्याची आणि जोडकामाची. महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांच्या संघांनी आपले ब्रॅकेट असे लेसरवर कापून घेतलेले असतात. दुसरे क्षेत्र जुन्या गाड्यांच्या पुनरुद्धाराचे. पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या आणि मूळ रूप राखलेल्या गाड्यांच्या नोंदणीसाठी जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम झाले. अशा गाडीचा गंजून गेलेला भाग आता कोणी बनवीत नाही. तो मूळ मापाबरहुकूम कापून मिळणे, ही त्या गाडीच्या दृष्टीने संजीवनीच आहे. शिवाय शेतात, कारखान्याच्या आवारात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत चालणारी कितीतरी छोटी यंत्रे एकुलत्या एका भागावाचून अडून बसलेली असतात.

सारांश, लेसरने कारागिराचे काम हिरावून घेतले असे म्हणणे बरोबर नाही. त्याने ते काम एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेले आहे. पूर्वी कौशल्य छिन्नीच्या धारेवर होते. आज ते नकाशाच्या रेषेत आले आहे. हात चुकला तर लोखंड सांगत असे. आता लोखंडाला बोलण्याची संधी मिळण्यापूर्वीच आपण विचार संपविला पाहिजे. ज्याने ऐरणीवर धातू ओळखली आहे, त्याच्याच हातची रेषा शहाणी उतरेल, यात मला शंका वाटत नाही. म्हणून लोहाराच्या मुलाने नकाशा शिकावा आणि नकाशा शिकलेल्या मुलाने चार दिवस कानस चालवावी. कोळशाचा भाता आणि काचेच्या धाग्यातला किरण यांच्या मधली वाट या दोघांना मिळूनच चालावयाची आहे.

झोतभट्टीतून निघणारे पोलाद हे राष्ट्राचे वैभव खरेच. परंतु ते पोलाद, हव्या त्या आकारात आणि हव्या त्या मापात, सामान्य माणसाच्या तळहातावर जेव्हा येते, तेव्हाच त्या वैभवात त्याचाही वाटा पडतो. भिलाईच्या भट्टीपासून सुपेल्याच्या छपरापर्यंतचे हे अंतर प्रकाशाच्या एका किरणाने पुष्कळच कमी केले आहे. उरलेले अंतर त्या तरुणाने स्वतःच्या विचाराने तोडावयाचे आहे. आणि ज्या दिवशी त्याच्या इंजिनाचे चारही बोल्ट विनासायास आत जातील, त्या दिवशी ते तुटले असे त्याने खुशाल समजावे.